खालचं कोरं कापड

लंडन,
रविवार, रात्री

तीर्थस्वरूप मावशी,


परवा व्हिडिओ कॉलवर तू मला कापड कॅमेऱ्याजवळ धरायला लावलंस, चष्मा कपाळावरून खाली घेतलास आणि म्हणालीस, "अक्षरं छान बसलीत गं, पण खाली एवढं कोरं का ठेवलंस? वाया चाललंय कापड. एखादी वेल तरी भर." मी काहीतरी बोलून विषय टाळला आणि मग दोन दिवस तेच डोक्यात राहिलं. दीड वर्ष मी ज्या कामाला बसले आहे, त्याबद्दल 'एका जुन्या इंग्रजी भरतकामाची नक्कल करतेय' एवढंच तुला सांगितलं होतं. मॅटीचा तुकडा हातात देऊन मला पहिली फुली घालायला शिकवलीस ती तू. तुझी एवढ्यावर बोळवण करणं बरोबर नाही, म्हणून हे पत्र.

इथे अशा कापडाला सॅम्पलर म्हणतात. मुळात ते नमुन्याचं कापड. कुणाकडे एखादा टाका, एखादं फूल पाहिलं की बाई ते आपल्या तुकड्यावर उतरवून घ्यायची आणि पुढे लागलं की काढून बघायची. तारीख घातलेला सगळ्यात जुना ब्रिटिश सॅम्पलर १५९८ सालचा आहे, जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा. इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे तो आहे. ॲलिस ली नावाची मुलगी २३ नोव्हेंबर १५९६ ला जन्मली, असं त्यावर भरलंय. पण माझा जीव अडकला तो त्यातल्या उसवलेल्या जागेत. पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती, कवच फोडणारी खार अशी काही चित्रं तिथे होती, ती कुणीतरी काढून टाकली, तरी कापडावर खुणा राहिल्या. उसवल्यावर पाणी लावून नखानं घास म्हणजे भोकं मिटतात, असं तू शिकवलंस. सगळी मिटत नाहीत, मावशी. चारशे वर्षांनीही नाहीत.

पुढे पुढे सॅम्पलर म्हणजे मुलींच्या शाळेतला धडा झाला. मुळाक्षरं, आकडे, देवाधर्माच्या चार ओळी, एक घर, दोन झाडं आणि खाली नाव, वय, साल. जुन्या मुळाक्षरांत जे आणि यू बहुतेक वेळा नसतातच. गरिबाघरच्या मुलींना मात्र घरं-झाडं भरायला कमीच वेळ मिळायचा. ब्रिस्टलमध्ये जॉर्ज म्युलर यांचं मोठं अनाथालय होतं. तिथल्या मुलींनी केलेले सॅम्पलर आज नक्कल करणाऱ्यांना फार प्रिय आहेत. पांढऱ्या कापडावर नुसता लाल दोरा, आणि त्यात चार-चार, पाच-पाच तऱ्हेची मुळाक्षरं इतकी बारीक आणि इतकी खेटून, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. हे कौतुकाचं काम नव्हतं. ह्या मुली मोठ्या घरांत कामाला जायच्या. तिथे चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल यांची मोजदाद ठेवायला प्रत्येक कपड्यावर मालकाची अक्षरं आणि नंबर लाल फुल्यांनी घालायचा असे. फुलीच्या टाक्याला इंग्रजीत खुणेचा टाकाही म्हणायचे. आपल्याकडे परीट बिब्ब्यानं खूण करायचा, ती तुला आठवत असेल, कितीही धुतली तरी न जाणारी. तेच काम इथे सुई करायची.

आता मी जिची नक्कल करतेय तिच्याबद्दल. तिचं नाव एलिझाबेथ पार्कर. १८१३ साली ससेक्स परगण्यातल्या ॲशबर्नहॅम गावात जन्मली. बाप उमरावाच्या जमिनीवर मजूर, आई त्याच उमरावाच्या बायकोनं चालवलेल्या धर्मादाय शाळेत शिकवायची, अकरा भावंडं. १८३० च्या सुमारास तिनं एक कापड घेतलं, सुमारे पाऊण मीटर रुंद, उंचीला त्याहून थोडं जास्त, आणि लाल रेशमानं त्यावर लिहायला सुरुवात केली. वेल नाही, पक्षी नाही, किनार नाही. एकामागून एक ओळी, अशा सेहेचाळीस. सतराशेवर शब्द, सगळे फुलीच्या टाक्यात. सुरुवातीलाच ती सांगते की मला लिहिता येत नाही, म्हणून एखाद्या जिवाभावाच्या माणसाशी बोलावं तसं हे इथे मांडतेय.

लिहिता येत नाही म्हणणारी मुलगी सतराशे शब्द लिहिते हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उमगलं नव्हतं. त्या काळी गरिबांच्या शाळांत मुलींना वाचायला आणि शिवायला शिकवत. बोरू-शाई हातात देणं ही वेगळी गोष्ट, तिला वेगळा खर्च, आणि मोलकरणीला ती कशाला हवी, असा हिशेब. अक्षरं तिच्या हातात आली ती सुईतून. मालकाच्या चादरींवर नंबर घालता यावा एवढ्यासाठी दिलेली अक्षरं तिनं स्वतःची गोष्ट सांगायला वापरली. म्हणून ह्या कामाला मी दीड वर्ष दिलं.

गोष्ट काय, तर तेराव्या वर्षी घर सोडून ती एका कुटुंबात मुलं सांभाळायला गेली. घर चांगलं होतं, तरी चौदा महिन्यांत सोडलं. मग समुद्राकाठच्या फेअरलाइटला एका लेफ्टनंटकडे घरकामाला राहिली. तिथे मालकाची नजर वाईट. ती वश झाली नाही म्हणून तिला जिन्यावरून खाली ढकललं. ती लवकरच परत आली आणि घरी कुणाला काही बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, नोकरी चांगली होती, हिचाच स्वभाव वाईट. पुढे तिसऱ्या घरी मन पार ढासळलं, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येऊ लागले, मालकिणीनं आईबापांकडे पोचवलं, डॉक्टर बोलावला. कापडाचा उरलेला मोठा भाग देवाशी आणि स्वतःशी चाललेला झगडा आहे. ॲशबर्नहॅम, फेअरलाइट आणि ते तिसरं घर, तिन्ही एका दिवसात पायी जाता येईल एवढ्या टापूत आहेत. तेवढं अंतर चालून ती घरी आली, पण बोलली ती कापडाशी. मालकांची नावंही तिनं पूर्ण लिहिलेली नाहीत, पहिलं अक्षर आणि पुढे टिंब. भावंडांची मात्र सगळीच्या सगळी नावं घातलीत, त्या अकरांत मधेच स्वतःचं.

आता कामाचं सांगते, तुला त्यात रस असणार. मूळ कापडाचा फोटो मोठा करून घेतला आणि ओळ-ओळ आलेखाच्या कागदावर उतरवली, एक चौकोन म्हणजे एक फुली. कापड लिननचं, इंचाला छत्तीस धागे. दोन धागे उभे, दोन आडवे धरून फुली, म्हणजे इंचात अठरा बसतात. तुझ्या मॅटीवर चौकोन आयते दिसायचे, इथे प्रत्येक फुलीला धागा मोजावा लागतो. तुझा नियम पाळलाय, वरचा पाय सगळ्या फुल्यांचा एकाच दिशेला. आधी डीएमसीच्या सुती लड्या आणल्या, ३२१, ४९८, ८१५, तिन्ही लाल. खिडकीत शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या. ४९८ जवळचा वाटला, पण सूत ते सूत. रेशमावर उजेड पडला की अक्षर किंचित हलल्यासारखं दिसतं, ते सुतात येईना. शेवटी रेशीमच घेतलं. संध्याकाळ चांगली गेली तर पाच-सहा शब्द होतात.

इथे पुष्कळ जण नक्कल करताना कापड चहात भिजवतात, जुनं दिसावं म्हणून. मी भिजवलं नाही. एक तर चहातलं टॅनिन पुढे धाग्यांना खातं. आणि दुसरं म्हणजे मला तिचं म्हातारं झालेलं कापड करायचं नव्हतं, तिच्या हातात होतं तसं करायचं होतं. जुन्या रंगीत सॅम्पलरांची पुढची बाजू उन्हानं फिकटलेली असते, पिवळा उडाल्यामुळे हिरवी पानं निळी पडतात. काळा-तपकिरी रंग लोहाचा असला तर रेशीमच कुजून गळतं, आणि अक्षराच्या जागी नुसती भोकं उरतात. खरा रंग बघायचा तर कापड उलटून बघावं लागतं. आधी उलटी बाजू दाखव म्हणणारी तू एकटीच नाहीस. आजेसासूबाईंच्या इरकली लुगड्यावरची कसुती तू मला दाखवली होतीस, गवंतीच्या टाक्यात दोन्ही बाजू सारख्या आणि गाठ कुठेच नाही. तुझी ही शिस्त तिथून आली असं मी समजते.

पण एका बाबतीत मी तुझं ऐकलेलं नाही. चुकलेला टाका दिसला की उसवायचा, जेवण राहिलं तरी चालेल, हा तुझा दंडक. एलिझाबेथच्या लिहिण्यात चुका आहेत. कुठे एखादं अक्षर कमी, कुठे उच्चार सारखा म्हणून भलताच शब्द, आपण 'दीन'च्या जागी 'दिन' लिहावं तसं. एका रात्री भरता-भरता माझ्या हातानं असा एक शब्द आपोआप शुद्ध करून टाकला. मला कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कागदाशी ताडून पाहिलं, तर ओळ एका अक्षरानं पुढे गेलेली आणि पुढचे सगळे शब्द सरकलेले. सुईच्या टोकानं एकेक फुली उचलून मी ते बरोबर अक्षर उसवलं आणि तिची चूक परत भरली. त्या रात्री ती मला जितकी जवळ वाटली तितकी आधीच्या कितीतरी ओळींत वाटली नव्हती. मला तोवर ती जुन्या कादंबरीतल्या बायकांसारखी, जरा लांबची वाटायची. ते एक अक्षर गाळताना मात्र ती आपल्या शेजारच्या घरातली मुलगी झाली, दिवसभराचं काम उरकून डोळे चोळत शेवटच्या उजेडात बसलेली. छापील नमुने विकणारे कधी कधी अशा चुका दुरुस्त करून देतात, किनारीचे मोजण्यातले घोटाळे नीट करून देतात. घेणाऱ्याची सोय होते हे खरं, पण मला ते आवडत नाही. चुकलेल्या जागीच तर तिचा हात सापडतो.

आता तुझा खरा प्रश्न. हे लिहिणं संपत नाही गं, थांबतं. माझ्या जिवाचं काय होणार, असं ती विचारते आणि तिथेच दोरा थांबतो, ओळ अर्धीच राहते. खाली बराचसा भाग कोरा आहे. का थांबली ते कुठेच लिहिलेलं नाही. रेशीम संपलं, कुणी हाक मारली, की आणखी सांगण्यासारखं राहिलं नाही, मी रोज वेगळं काहीतरी समजते. एवढं नोंदींवरून ठाऊक आहे की त्यानंतर ती जगली. ॲशबर्नहॅममध्येच शाळेत शिक्षिका झाली, आईसारखी. १८८९ मध्ये गेली, शहात्तर वर्षांची होऊन. थांबलेल्या ओळीनंतर जवळजवळ साठ वर्षं. कापडावर त्यातलं काहीच नाही, आणि तरी ते सगळं त्या कोऱ्या भागातच आहे असं मला वाटतं. तिथे मी वेल भरली, तर ती वेल माझी होईल आणि तिचे शब्द वेलीच्या वरचं नक्षीकाम होऊन बसतील.

फ्रेमवाल्याशी बोलून ठेवलंय. तो म्हणाला, कोरा भाग आत दुमडला तर फ्रेम सुबक दिसेल आणि काचही कमी लागेल. मी नको म्हटलं. पुरत्या उंचीची काच बसवायची, आणि काच कापडाला टेकू द्यायची नाही.

शेवटचा एकच शब्द राहिलाय, चार अक्षरांचा. येत्या शनिवारी दुपारी बाराला भरायला बसेन, तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. दिवे लावायच्या आधी फोन घे. भरून झाल्यावर कापड उलटून कॅमेऱ्यासमोर धरते, तू ओळीनं बघत ये.

तुझी,
धाकटी

ता. क. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. आणि अँकरच्या लाल लड्या पाठवू नकोस, पुष्कळ उरल्यात.