ठिबकता नळ

ज्या घरांत नळ ठिबकतो त्या घरांत लक्ष्मी टिकत नाहीं, असें आमच्या मातुश्रींचें ठाम मत आहे. हें मत त्यांनीं कोणत्या ग्रंथांतून घेतलें हें आम्हीं कधीं विचारिलें नाहीं. परंतु आमच्या बालपणीं, पुण्याच्या घरांत, रात्रीं निजण्यापूर्वीं सर्व नळ घट्ट पिळून येण्यास त्या एकदांहि चुकल्या नाहींत, एवढें पक्कें आठवतें. पुढें नोकरीच्या निमित्तानें आम्हीं अमेरिकेंत, टेक्सास राज्यांतील डॅलसजवळच्या एका उपनगरांत बिऱ्हाड केलें. तीर्थरूपांच्या पश्चात् मातुश्री तेथें राहावयास आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा नियमहि आला. सन २०२१ च्या फेब्रुवारींत त्या नियमावरून आमच्या घरीं एक प्रकरण घडलें. त्यांत मातुश्रींस बोल लागला, आणि तो लावणारे आम्हीच होतों. म्हणून तें येथें सांगावयाचें.

टेक्सास हा उन्हाचा मुलूख. तेथील घरें उन्हाळा डोळ्यांपुढें ठेवून बांधलेलीं असतात. घराखालीं तळघर बहुधा नसतें. सिमेंटच्या सपाट जोत्यावर घर उभें असतें, आणि पुष्कळ घरांत पाण्याच्या नळ्या छपराखालच्या माळ्यावरून फिरविलेल्या असतात. त्यांवर कांचेच्या तंतूंची, कापसासारखी जाड गादी अंथरलेली असते. गादी जागेवर असली म्हणजे खालच्या खोल्यांची ऊब नळ्यांस मिळते. ती सरली कीं नळी उघडी पडते.

त्या वर्षीं माघी गणेशजयंती सोमवारीं, ता. १५ रोजीं होती. मखराची पेटी माळ्यावर असल्यामुळें शनिवारीं आम्ही वर चढून ती ओढून काढली. त्याच दिवसांत मोठ्या थंडीच्या सूचना येऊं लागल्या होत्या, आणि घरांतले नळ रात्रभर बारीक धारेनें चालूं ठेवावे असा सल्ला जो तो देत होता.

या सल्ल्यामागें पदार्थविज्ञान आहे. पाणी थंड होतांना ४ अंशांपर्यंत आकुंचन पावतें, नंतर उलट फुगूं लागतें, आणि बर्फ झालें म्हणजे सुमारें ९ टक्के अधिक जागा मागतें. बर्फच नळीस आंतून फोडतें अशी सामान्य समजूत आहे. पण बहुधा प्रकार निराळा असतो. नळींत बर्फाचें बूच बसतें, आणि तें बूच व बंद नळ यांच्यामध्यें कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो. मग जेथें नळी दुबळी असेल तेथें ती फाटते. नळ थोडा उघडा असला म्हणजे त्या दाबास वाट मिळते.

हें सर्व आम्हीं मातुश्रींस समजावून सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें व इतकेंच विचारिलें, "अरे, रात्रभर पाणी असें वाहूं द्यायचें?" मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरांतलीं पातेलीं, कळशी, घागर, इतकेंच काय पण डाळीचे रिकामे डबेहि भरून ठेवूं लागल्या. आम्ही हसलों. पण ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें त्या वेळीं त्या चवदा वर्षांच्या होत्या. पूर ओसरल्यावर पुण्याचे नळ कोरडे पडले, आणि लोक विहिरींकडे धांवले, हें त्यांनीं पाहिलें होतें. आम्हीं तें पुस्तकांत वाचलें होतें.

रविवारीं बर्फ पडलें. सोमवारीं पहांटेच्या आधींच वीज गेली. घर तापविणारी शेगडी गॅसची असली तरी तिचा पंखा विजेवर चालतो. तेव्हां तीहि थंडावली. आम्हीं अंगावर कोट चढवून गणपतीची आरती केली. त्या दिवसांत राज्यांतील ४५ लाखांवर घरें व दुकानें अंधारांत होतीं. मंगळवारीं, ता. १६ रोजीं सकाळीं डॅलसला उणे १९ अंश थंडी होती.

त्याच सकाळीं मातुश्रींच्या खोलीलगतच्या न्हाणीघरांत आम्ही गेलों. आम्हीं ठिबकत ठेवलेला नळ घट्ट बंद होता. उघडून पाहिला तर थेंबहि येईना. रात्रीं सवयीनें त्यांनीं तो पिळला होता. आम्ही रागावलों. "आई, तुला इतकें समजावून सांगितलें होतें! तुझ्या या एका नळापायीं आतां घराची नासाडी होणार!" सौभाग्यवतींनीं डोळ्यांनीं खुणावलें, पण बोलणें होऊन गेलें होतें. मातुश्री कांहींच बोलल्या नाहींत. मात्र त्या दिवसापासून त्यांनीं नळास हात लावणें सोडलें. हात धुवावयाचे झाले तर त्या नातीस विचारीत, "बाळ, नळ उघडूं का ग?" हें आम्ही दोन दिवस ऐकत होतों, आणि ऐकून न ऐकल्यासारखें करीत होतों.

गुरुवारीं वीज परत आली. शुक्रवारीं ऊन पडलें, बर्फ विरघळूं लागलें, आणि दुपारीं डोक्यावर पाऊस पडत असल्यासारखा आवाज होऊं लागला. नळी गोठते तेव्हां घरांत पाण्याचा थेंबहि दिसत नाहीं, कारण बर्फाचें बूच फुटक्या जागींहि पाणी येऊं देत नाहीं. बूच वितळलें म्हणजे खरा अनर्थ होतो. बोळांतलें छत फुगलें आणि ओल्या गादीसकट खालीं आलें. पाणी कोठें बंद करावें हें, त्या घरांत अकरा वर्षें राहूनहि, आम्हांस ठाऊक नव्हतें! शेजारचे वृद्ध गृहस्थ लांब दांड्याची चावी घेऊन धांवत आले आणि रस्त्यालगत, गवतांत झांकणाखालीं असलेला मुख्य नळ त्यांनीं बंद केला. मग विजेचा मुख्य खटका पाडला, व नळ्यांत उरलेलें पाणी निघून जावें म्हणून घरांतले सर्व नळ उघडले.

नळकारागीर मिळण्यास आठ दिवस लागले. गांवांतील प्रत्येक गल्लींत त्यास बोलावणें होतें. तोंपर्यंत आमचा स्वयंपाक मातुश्रींनीं भरलेल्या पाण्यावर सुरू झाला व शेजाऱ्यांच्या पाण्यावर पार पडला. कारागिरानें माळ्यावर जाऊन नळीचा तुकडा कापून आणला. तांब्याच्या नळीस चार बोटें लांब उभी चीर पडली होती. आम्हीं न्हाणीघराच्या नळाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "त्या बाजूची नळी शाबूत आहे. ही कपडे धुण्याच्या यंत्राकडे जाते. हिच्यावरची गादी कोणी तरी बाजूला सारली आहे."

ती सारणारे आम्हीच होतों. शनिवारीं मखराची पेटी ओढतांना गादी गोळा झाली होती. नंतर नीट करूं असें म्हणून आम्ही उतरलों आणि विसरलों. यंत्राकडचा नळहि ठिबकत ठेवण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्ही मातुश्रींच्या खोलींत गेलों आणि म्हणालों, "आई, तुझ्या नळानें कांहीं झालें नाहीं. चूक माझी होती. मी तुला उगीच बोललों." त्या वाती वळीत होत्या. हात न थांबवितां म्हणाल्या, "नळी कोठें फुटली हें मला काय कळणार? पण तूं म्हणालास, म्हणजे माझ्यामुळेंच असेल, असें मीं धरून चाललें होतें." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. छत दुरुस्त होतें. पण आपल्या शब्दाखातर आईनें आठ दिवस स्वतःस दोषी मानावें, याची भरपाई कोणता विमा देणार?

त्या थंडींत सरकारी मोजणीप्रमाणें टेक्सासमध्यें २४६ माणसें दगावलीं. तेव्हां आमचें नुकसान तें काय! पण वाचकांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें थंड देशांत आहेत त्यांनीं त्यांस इतकें अवश्य विचारावें : घरांत पाणी बंद करण्याचा मुख्य नळ कोठें आहे, आणि त्याची चावी कोणाच्या हातीं सांपडेल? गोठलेली नळी कधींहि जाळानें तापवूं नये. नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूनें आरंभ करून, केस वाळविण्याच्या यंत्राच्या उष्ण वाऱ्यानें हळूहळू ऊब द्यावी.

आणि आमच्या घरचा तो नियम? आतां थंडीची सूचना आली म्हणजे मातुश्री स्वतः घरभर फिरून नळ बारीक धारेनें सोडतात; मात्र प्रत्येकाखालीं बादली ठेवतात. सकाळीं तेंच पाणी घरांत आणून ठेवलेल्या तुळशीस व झाडांस जातें. लक्ष्मी टिकावी म्हणून नळ बंद करावा, आणि नळी टिकावी म्हणून तो उघडा ठेवावा, या वादांतून निघणारी बादली आम्हांस पदार्थविज्ञान शिकूनहि सुचली नव्हती.