एक वाटा जास्त

कोजागिरीला दूध आटवून झाले की आमची सौ. अजून चार पेले मांडते. बेळगावच्या या घरात आता माणसे दोनच. मुलगी पुण्याला, मुलगा परदेशी. "उगाच दोन पेले कशाला विसळायचे?" असे मी दरवर्षी म्हणायचो. हेडमास्तरी स्वभाव, दुसरे काय!

चिनी घरांतली एक रीत वाचनात आली आणि माझे तोंड बंद झाले. त्यांच्या आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला शरदातला सण असतो. एरवी तो आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास येतो. २०२५ साली मात्र त्यांच्या पंचांगात अधिक महिना आला, आपल्या पंचांगात नव्हता. त्यामुळे ६ ऑक्टोबरला त्यांचा सण आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आली.

त्या रात्री घरच्या जेवणाला पोहोचायची सगळ्यांची धडपड असते. अंगणात चंद्रापुढे पपनस आणि कमळबियांच्या गोड सारणाचे वाटोळे मूनकेक मांडतात. सारणात खारवलेल्या अंड्याचा बलकही असतो (आमच्या सोवळ्यात बसायचे नाही!). पोरे कंदील घेऊन हिंडतात. जुनी रीत अशी, की घरात जितकी माणसे तितके मूनकेकचे तुकडे करायचे, आणि परगावी असलेल्याचाही एक तुकडा धरायचा. म्हणजे गैरहजर माणसाचीही हजेरी लागते. कवी सू शि याने १०७६ साली याच सणाच्या रात्री दूरच्या धाकट्या भावासाठी कविता लिहिली.

यंदाच्या कोजागिरीला पेले मीच मांडले. चार. सौ. काही बोलली नाही. उरलेले दोन्ही पेले सकाळी मलाच प्यावे लागले.