भुट्ट्याच्या किसाचे माप

गेल्या भाद्रपदातल्या एका शनिवारी सकाळी सातच्या सुमारास न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला. तिकडे शुक्रवारची रात्र होती. ‘आई, उद्या मला भुट्ट्याचा कीस करायचा आहे. पण अंदाजाने घाल, वास सुटला की उतरव, असलं काही सांगू नकोस. वाट्या आणि चमचे सांग.’

मी सांगण्यासाठी तोंड उघडले आणि तशीच थांबले. या घरात ३६ वर्षे मी कीस करीत आले आहे. पण एकदाही मोजून केलेला नाही. मला तो सासूबाईंनी शिकविला आणि त्यांचे शिकविणे दोन वाक्यांत आटोपलेले होते: ‘दूध मावेल तेवढे घाल’ आणि ‘वास सुटला की उतरव’. सासूबाईंना आता ८७वे वर्ष लागले आहे. तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या आजारपणानंतर त्यांना कसलाच वास येत नाही. म्हणजे त्यांना विचारावे तर त्या पुन्हा वासाचेच सांगणार, आणि तो आला की नाही हे ठरविणे मात्र माझ्यावर! लेकीला म्हटले, ‘मला दोन दिवस दे. मोजून करते आणि मग सांगते.’

इंदुराबाहेरच्या वाचकभगिनींसाठी थोडा खुलासा करते. कोवळा भुट्टा किसून, तो तुपाच्या फोडणीत परतून, दुधात शिजवायचा आणि वरून लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे घालायचे, हा आमच्याकडचा भुट्ट्याचा कीस. पावसाळा उतरणीला लागला की न्याहारीला, मधल्या वेळेला, पाहुणा आला तर रात्रीच्या जेवणातसुद्धा तो असतो. आमच्या मराठीत कणीस ज्वारीचे. मक्याचा तो भुट्टाच. पुण्याच्या वन्सं दर खेपेस या शब्दावरून मला हसतात आणि वाटीभर कीस संपवून वर म्हणतात, ‘छान आहे, पण हे काही आपलं नव्हे हो!’

आपले म्हणजे कोणाचे, हा वाद मी घालीत नाही. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदुरास आली आणि दफ्तरात, फौजेत, देवळांत चाकरीसाठी आपली माणसे इथे स्थिरावत गेली. माळव्याच्या काळ्या मातीत जे पिकत होते ते त्यांनी आपल्या किसणीवर आणि आपल्या फोडणीत घेतले, एवढेच मला दिसते. सराफ्यातला हिंदीभाषक हलवाईसुद्धा या पदार्थाला कीसच म्हणतो. आणि नारळ काही माळव्यात होत नाही; तेव्हा वरचे ओले खोबरे कोणाच्या सवयीने आले असेल, हे वन्संनीच सांगावे.

असो. मोजायचे ठरले खरे, पण मोजायला भुट्टा हवा होता. त्याच सकाळी भाजीबाजारात गेले, तर हातगाड्यांवर जिकडेतिकडे पिवळाजर्द ‘अमेरिकन’ भुट्टा. देशी पांढरा विचारला तर भाजीवाला म्हणाला, ‘माताजी, देसी अब कौन लाता है?’ त्याचे खोटे नव्हते. १९७०नंतर माळव्याच्या शेतांत सोयाबीन शिरले आणि पुढच्या वीस वर्षांत खरिपाचा मोठा भाग त्याने व्यापला. ज्वारी मागे हटली, मका मागे हटला. झाबुआ, धारच्या आदिवासी पट्ट्यात मात्र मका हे अजूनही घरचे अन्न आहे. म्हणून देशी भुट्टा हवा असेल तर त्या बाजूच्या रस्त्याला लागावे लागते. आमच्या मुलाला शनिवारी कचेरी नसते. त्याला म्हटले, ‘काढ गाडी, जानापावला जाऊ.’ आमचे हे म्हणाले, ‘सहा भुट्ट्यांसाठी पंचेचाळीस किलोमीटर?’ आणि सर्वांच्या आधी पुढच्या आसनावर जाऊन बसले.

महू मागे पडले की शहर सुटते. या गावाचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले; तरी बोलण्यात अजून महूच येते. मानपूरच्या अलीकडे जानापावचा डोंगर लागतो. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक याला मानतात आणि चंबळ नदी इथेच उगम पावते. पावसाळ्यात वर उभे राहिले की ढग पायांखालून जातात. मला या जागेचे नवल वाटते ते निराळ्याच कारणाने. माळव्याचे पठार इथे संपते. दक्षिणेकडे घाट उतरला की नर्मदेचे खोरे. पण हाकेच्या अंतरावर जन्मलेली चंबळ नर्मदेकडे पाठ फिरवून उत्तरेला निघते आणि यमुनेला जाऊन मिळते.

डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला भिल्ल बायका भुट्ट्यांचे ढीग मांडून बसल्या होत्या. काही भुट्टे निखाऱ्यावर भाजत होते. पहिल्यांदा लिंबू-तिखटमीठ चोळलेला एकेक भुट्टा उभ्याउभ्या खाल्ला, कारण भाजलेल्यावरून कच्च्याची जात कळते. मग निवडायला बसले. साल थोडी सोलून दाण्यात नख रोवावे. पाण्यासारखा रस आला तर भुट्टा फार कोवळा, त्याचा कीस मिळून येत नाही. पीठ लागले तर जून, तो भाजून खावा. दुधासारखा पांढरा रस उडाला तर तो किसाचा. विकणारीने माझे नख पाहून स्वतःच निवडून द्यायला सुरुवात केली आणि तिने काढलेल्या बारांपैकी एकही परत करावा लागला नाही.

त्या रात्री मुलाला घेऊन सराफ्यात गेले. दिवसा सोन्याचांदीची पेढी असलेली ही गल्ली रात्री नऊनंतर खाण्याची होते. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर द्रोण घेऊन लोक बसलेले असतात. गराडूंना अजून अवकाश होता. ते कंद थंडीतले, दोनदा तळून जिरावण भुरभुरलेले. सध्या माझी आवड म्हणाल तर इथली साबुदाण्याची खिचडी. ती परतीत नाहीत; भिजलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात आणि आयत्या वेळी त्यात तिखटमीठ, शेव, लिंबू कालवितात. घरी चाळणीवर करून पाहा, गोळा होत नाही. इंदुरी पोहेही असेच वाफेवर राहतात, म्हणून सकाळचे दहा वाजले तरी मऊ लागतात. फोडणीत बडीशेप मात्र विसरू नये.

पण मी गेले होते किसाच्या कढईकडे. परातीएवढ्या कढईत कीस मंद आचेवर बसलेला होता आणि हलवाई कडेकडेने पळीभर दूध सोडीत होता. मी विचारले, ‘भैया, कितना दूध?’ तो हसला. ‘माताजी, दूध डालो मत, पिलाओ.’ मापाच्या शोधात आलेल्या बाईला मिळालेले हे उत्तर! मुलगा तर खो खो हसत सुटला. पण त्याच्या हाताकडे पाहत मी दहा मिनिटे उभी राहिले. पहिली पळी पूर्ण जिरल्याशिवाय तो दुसरी घालीत नव्हता, आणि दूध गरम होते.

रविवारी सकाळी ओट्यावर वजनाचा काटा मांडला, वही उघडली, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. सहा मध्यम भुट्टे किसणीच्या जाड बाजूने किसले आणि उरलेली बुरकुंडे सुरीच्या पाठीने निपटून त्यातले दूधही काढून घेतले. सगळा मिळून कीस ५४० ग्रॅम भरला, घरच्या वाटीने तीन वाट्या. मिक्सरला कृपा करून हात लावू नये. त्यात दाण्याची पेस्ट होते आणि कीस न होता चिकट पिठले होते. वेळ वाचविण्याच्या मोहाने मी एकदा हे केलेले आहे.

जाड बुडाच्या कढईत तीन मोठे चमचे तूप, अर्धा चमचा मोहरी, अर्धा चमचा जिरे, हिंग, चार हिरव्या मिरच्या, चिमूटभर हळद. त्यावर कीस घालून मंद आचेवर परतत राहिले. घड्याळ लावले होते: १८ मिनिटे. कच्चा वास गेला, कीस कढईची कड सोडू लागला आणि त्याचा रंग किंचित गडद झाला. मग गरम दूध, अर्धी अर्धी वाटी, तीन वेळा. मीठ, चमचाभर साखर, झाकण ठेवून पाच मिनिटे.

लिंबू मात्र आच बंद करून, कढई खाली उतरवून, दोन मिनिटे थांबून पिळावे. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी दिरांच्या केळवणाला मी पेटत्या शेगडीवरच लिंबू पिळले आणि वीस माणसांचा कीस डोळ्यांदेखत फाटला. सासूबाई पाहुण्यांसमोर चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यात थोडे बेसन घालून, थापून, त्यांनी तव्यावर वड्या भाजल्या आणि नवी कृती म्हणून वाढल्या. पाहुण्यांनी पुन्हा मागून घेतल्या.

लेकीला तिकडे मिळणार तो गोड भुट्टा. त्याच्यात साखर अधिक आणि पिष्ट कमी, शिवाय पाणी फार. म्हणून उरलेला कीस बाजूला ठेवून बाजारातले चार ‘अमेरिकन’ भुट्टेही आणवले आणि दुसऱ्या कढईत वेगळे करून पाहिले. दोन वाट्या किसाला अर्धी वाटी दूध पुरे झाले. साखर मुळीच घातली नाही, मिरच्या दोन वाढविल्या, परतण्याला २५ मिनिटे लागली आणि मिळून यावा म्हणून आधी कोरडे भाजलेले एक मोठा चमचा बेसन घालावे लागले. देशीची सर नाही. पण परदेशात पावसाळी संध्याकाळी वाईट लागणार नाही.

पहिली वाटी सासूबाईंना दिली. त्यांनी घास जिभेवर घेतला, टाळूला लावून हळूहळू फिरविला. मी वही हातात धरून उभी. ‘दाणा वेगळा लागतोय,’ त्या म्हणाल्या. ‘अर्धी वाटी दूध आणखी मावलं असतं.’ कढईत अर्धी वाटी गरम दूध सोडून पुन्हा झाकण ठेवले. दुसऱ्या वाटीला त्यांनी मान हलविली. वहीत दीड खोडून दोन केले.

संध्याकाळी पाच वाजता लेकीला फोन लावला. तिच्याकडे सकाळचे साडेसात. मी ग्रॅम, वाट्या, मिनिटे सगळे वाचून दाखविले. तिने लिहून घेतले आणि मग विचारले, ‘पण आई, वास सुटतो म्हणजे नक्की कसला वास सुटतो?’

मला एकदम शब्द सुचेनात. फोन सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी तो कानाशी नीट धरला. ‘हे बघ बाळा,’ त्या म्हणाल्या, ‘आधी कापलेल्या ओल्या गवताचा येतो. मग तापत्या दुधाचा. आणि मग, शेजारच्या घरी कोणीतरी भुट्टा भाजतंय असं वाटतं. तसं वाटलं की दूध घालायला घ्यायचं. त्याच्या आधी घातलंस तर तो वास परत येत नाही.’

मी वही पुन्हा उघडली आणि १८ मिनिटे या आकड्यापुढे हे सारे उतरवून घेतले. ३६ वर्षांत त्यांनी मला हे कधी सांगितले नव्हते. मीही कधी विचारले नव्हते.