सोडणं, सोडून देणं आणि ‘गिव्ह अप’

इंग्रजी शिकवताना वेळ जातो तो मोठ्या शब्दांवर नाही. ‘रिलिंक्विश’ किंवा ‘रिनाउन्स’ कोशात पाहिला की समजतो. अडतं ते ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘टेक’ अशा लहानपणीच शिकलेल्या क्रियापदांपाशी, त्यांच्यामागे अप, ऑफ, आउट येऊन बसले की. सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परदेशी माणसाला सर्वांत जड जाणारी म्हणून हीच जोडक्रियापदं दाखवली आणि ती विशेष काळजीनं नोंदवली. मी नोकरदार प्रौढांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. या गोतावळ्यातलं माझं सर्वांत आवडतं क्रियापद ‘गिव्ह अप’.

त्याचा अर्थ विचारला की वर्ग एकमुखानं म्हणतो, ‘सोडणं’. पण आपलं ‘सोडणं’ फार मोठ्या घेराचं आहे. आपण गाव सोडतो, मुलाला शाळेत सोडतो, कालव्याला पाणी सोडतो, चहा सोडतो आणि उपासही सोडतो. यातला ‘गिव्ह अप’च्या वाट्याला येतो तो फक्त चहा. संध्याकाळी उपास सोडला हे सांगायला ‘गेव्ह अप’ वापरलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की बिचाऱ्याला उपास झेपला नाही. तिथे ‘ब्रोक’ हवं. चहासाठी मात्र वर्गात हमखास ‘आय लेफ्ट टी’ येतं, आणि त्यातून चहा टेबलावर ठेवून माणूस निघून गेल्याचं चित्र उभं राहतं.

म्हणून मी आधी किल्ल्यांची गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या मठात बाराव्या शतकाच्या मध्यावर लिहिलेल्या बखरीत हे जोडक्रियापद सापडतं. स्टीफन राजानं सॉल्झबरी आणि लिंकनच्या बिशपांना कैदेत टाकलं, आणि त्यांनी आपले किल्ले ‘गिव्ह अप’ करेपर्यंत सोडलं नाही, असा तो प्रसंग. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. हाती असलेली, आपली म्हणून धरून ठेवलेली वस्तू हातातून जाऊ देणं हा गाभा त्यात स्वच्छ दिसतो. सिगरेट असो, आशा असो, बसमधली जागा असो की कोडं सोडवण्याचा हट्ट असो, ‘गिव्ह अप’च्या आधी काहीतरी धरलेलं असतं. आपल्या ‘सोडणं’ला ती अट नाही.

आपल्याकडे याला पुरंदरचा तह आहेच. 1665 साली शिवाजी महाराजांनी मोगलांना 23 किल्ले दिले. हे वाक्य इंग्रजीत करायला सांगितलं की समानार्थी शब्दांचा खरा धडा सुरू होतो. नुसतं ‘गेव्ह’ म्हटलं तर किल्ले नजराणा म्हणून दिल्यासारखे वाटतात. ‘लेफ्ट’ म्हटलं तर मावळे आपणहून उतरून गेले. ‘सीडेड’ ही तहाच्या कागदाची भाषा, ‘सरेंडर्ड’ लढाईच्या वृत्तांताची. आजी नातवाला ही गोष्ट इंग्रजीत सांगेल तेव्हा तिच्या तोंडी ‘गेव्ह अप’ येईल. सरेंडर, अबँडन, रिनाउन्स हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले, आणि दरबाराचा, न्यायालयाचा, ग्रंथाचा वास त्यांना अजून आहे. घरात कोणी ‘मी साखरेचा परित्याग केला’ म्हणत नाही, तसंच हे.

मग त्या ‘अप’चं काम काय? इथे मराठी माणसाला बिचकण्याचं काहीच कारण नाही, आणि हे मी अगदी आग्रहानं सांगते. ‘ईट’ म्हणजे खा, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणं. तसंच ‘सोड’ आणि ‘सोडून दे’. आपण ‘टाक’ आणि ‘दे’ मागे लावून क्रिया शेवटाला नेतो, इंग्रज ‘अप’ लावतो. पाठांतरानं जी यादी महिनोन्‌महिने डोक्यात राहत नाही, ती या एका धाग्यानं राहते.

शब्दांच्या क्रमासाठी माझ्याजवळ एक सरकारी उदाहरण आहे. गॅसच्या अनुदानाची गरज नसलेल्यांनी ते सोडावं म्हणून मार्च 2015 मध्ये केंद्र सरकारनं मोहीम काढली. तिचं नाव ‘गिव्ह इट अप’. पुढच्या साधारण वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान सोडलं. ‘इट’ मधोमधच बसतं, ‘गिव्ह अप इट’ कधीच होत नाही. आणि शब्दही नेमका निवडलेला. अनुदान हक्काचं होतं, हातात येत होतं. ‘लीव्ह इट’ म्हटलं असतं तर ‘जाऊ दे, राहू दे’ एवढाच अर्थ निघाला असता.

हक्क सोडण्याला मराठीत किती सुंदर वाक्प्रचार आहेत! वाट्यावर पाणी सोडणं, घरादारावर तुळशीपत्र ठेवणं. दोन्ही दानविधीतून आलेले. काशीला जाऊन आल्यावर आवडीचा पदार्थ जन्मभरासाठी सोडायचा, ही रीत तर ‘गिव्ह अप’चं जिवंत उदाहरण. नावडतं कारलं सोडून चालत नाही. ख्रिस्ती लोकही ईस्टरआधीच्या उपवासकाळात आवडीची वस्तू सोडतात, पण ती तेवढ्या काळापुरती. दोन्हीला इंग्रजी क्रियापद एकच.

जवळच्या ‘गिव्ह इन’शी मात्र गल्लत होते. चर्चिलनं 29 ऑक्टोबर 1941 रोजी हॅरोमध्ये, आपल्या जुन्या शाळेत, केलेलं भाषण ‘नेव्हर गिव्ह अप’ म्हणून भिंतीभिंतींवर लावलेलं दिसतं. तो म्हणाला होता ‘नेव्हर गिव्ह इन’. म्हणजे दबावापुढे वाकू नका. वाकायचंच तर फक्त सन्मान आणि सुबुद्धी यांच्यापुढे. ‘गिव्ह इन’ला समोर कोणीतरी रेटणारा लागतो. ‘गिव्ह अप’ माणूस एकटा खोलीत बसूनही करू शकतो.

शेवटी मी घेते ते ‘गिव्ह अप ऑन’, कारण त्यात माणूस गुंतलेला असतो. ‘या पोरापुढे मी हात टेकले’ असं म्हणणारी आई रात्री त्याच पोराला गरम पोळी वाढते. आपल्या हात टेकण्यात वैताग असतो, नातं तुटत नाही. ‘आय हॅव गिव्हन अप ऑन हिम’ म्हणजे त्याच्याकडून आता कसलीच अपेक्षा उरली नाही. हाताखालच्या नवख्या मुलाबद्दल वरिष्ठांना मेल लिहिताना हे वाक्य गेलं, तर त्याच्या नोकरीवर बेतू शकतं. लिहिणाऱ्याला फक्त म्हणायचं असतं की याला कसं समजावू तेच कळत नाही. तेव्हा तेच, साध्या इंग्रजीत, जसंच्या तसं लिहा, असं मी सांगते, आणि वर्गात प्रत्येकाकडून ते वाक्य लिहून घेते.