उडीची तयारी सपाट मैदानावर



आपल्या चिकोडी तालुक्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी पायी आळंदीला जातात. वारीच्या रिंगणात माउलींच्या अश्वावर स्वार नसतो. तरीही टाळ-मृदंगाच्या गजरात तो न बिथरता गोल धावतो. असा घोडा एका दिवसात तयार होत नाही.

अडथळ्यांवरून उडी मारणाऱ्या घोड्याचेही तसेच आहे. त्याला आधी सपाट मैदानावर शिकवतात. या शिक्षणाला फ्लॅटवर्क म्हणतात. संथ चाल, दुडकी आणि दौड एका लयीत ठेवणे, २० मीटरच्या वर्तुळात उजवीकडे व डावीकडे सारखेच वळणे, हलक्या इशाऱ्यावर थांबणे, ढांग लांब टाकणे व आखडणे, हाच रोजचा पाठ. दौडीतील एक ढांग साधारण १२ फुटांची असते. ती आखडता आली नाही तर घोडा अडथळ्याच्या फार जवळ पोहोचतो. मग दांडी पडते व ४ गुणांचा दंड होतो, किंवा घोडा उडीच नाकारतो.

बंगळूरचे फवाद मिर्झा २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरले, तेव्हा त्यांची पहिली परीक्षा ड्रेसाजची, म्हणजे सपाट मैदानावरचीच होती. त्यात ते नववे आले. उड्यांची अंतिम फेरी त्यांनी गाठली आणि शेवटी २३वे स्थान मिळवले.

काही पालक मला म्हणतात, "सर, परिपाठानंतरची वाचन-पाढ्यांची २० मिनिटे बंद करा, त्या वेळेत स्पर्धा परीक्षेची तयारी घ्या." त्यांची काळजी मी समजतो. सीमाभागातील आपल्या मुलाला घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि कॉलेजात इंग्रजी लागते. पण म्हणूनच त्याची मांड पक्की हवी. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठीत शिकवू लागलो तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पहिल्यापासून गिरवले. आज तुम्हाला हे लिहितो आहे ते त्याच सरावावर. ती २० मिनिटे मी बंद करणार नाही.

पालकांना एक विनंती. चांगला स्वार घोड्याने पाठ नीट केला की लगाम सैल सोडतो, मानेवर थाप देतो. आपल्या मुलाने एक पान न अडखळता वाचले, तर त्या दिवशी त्याच्याही पाठीवर थाप द्या.

आपला,
मुख्याध्यापक