बोदवडच्या मुक्कामी

भुसावळ सोडून आगगाडी नागपूरकडे निघाली की मलकापुराच्या अलीकडे बोदवड लागते. हा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला. भोवती काळी जमीन व कपाशीची शेते. उत्तरेस मुक्ताईनगर, मुक्ताबाईचे स्थान. वैशाखात इकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर माघातल्या पहाटे शेकोटीपासून उठवत नाही. हे हवामान माणसांप्रमाणेच मोटारींचीही परीक्षा पाहते, याचा प्रत्यय आम्हांस मुक्ताबाईच्या दर्शनास जाताना आला.

आम्ही घरची लहानथोर मंडळी भाड्याच्या डिझेल बसने निघालो होतो. बोदवडास रात्र काढून पहाटे निघावे, तो इंजिन नुसते कण्हले आणि गप्प झाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबून तापवावी लागते. त्यासाठी स्टार्टरला मोठे बळ हवे, म्हणून अशा मोठ्या गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीस एक जोडून २४ व्होल्ट करतात.

आत्याबाईंचा एकादशीचा उपास होता. “धक्का मारा, गाडी चालू करा, आधी दर्शन होऊ द्या,” असा त्यांचा आग्रह. धक्क्याने काम भागलेही असते. परंतु परतताना रात्री आडरानात गाडी थांबली तर लेकराबाळांचे काय, हा काकांचा प्रश्न बिनतोड होता. अखेर मिस्त्रीस बोलावले.

त्याने प्रथम टर्मिनलांवरचा पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला व जोड घट्ट केले. पुष्कळदा दोष एवढाच असतो. तरी इंजिन फिरेना. दोन्ही बॅटऱ्या मिळून २४.७ व्होल्ट भरत होते. बेरीज पाहता शंका येऊ नये. स्वतंत्र मोजल्यावर मात्र एक १२.६, दुसरी १२.१. स्टार्टर दाबताच पहिली ११ च्या आसपास राहिली, दुसरी ८ च्या खाली घसरली. ती निदान ९.६ वर टिकावयास हवी होती. हायड्रोमीटरने पाहता तिच्या पाच सेलांत विशिष्ट गुरुत्व १.२०० च्या सुमारास आणि सहाव्यात अवघे १.१०० निघाले. रोग सापडला.

“मग तेवढी एकच बदला,” असे चालकदादांचे म्हणणे. मिस्त्री म्हणाला, “दादा, म्हाताऱ्या बैलाबरोबर नवा खोंड जुंपाल, तर दोघेही वाया जातील.” दोहोंतून वीजप्रवाह एकच वाहतो, जुनी पुरती भरत नाही, नवी मात्र जादा भरून तापते. गाडीमालकास फोन झाला, त्यांनी रुकार दिला. एकाच बनावटीच्या, सारख्या क्षमतेच्या दोन नव्या बॅटऱ्या आल्या. काढताना अर्थिंगची तार आधी सोडली, बसविताना शेवटी जोडली. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर २८ व्होल्ट देतो हेही पाहिले. तो बिघडलेला असता तर नव्या बॅटऱ्याही फुकट गेल्या असत्या. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने परत घेतल्या; शिसे व गंधकाम्ल उकिरड्यावर जाऊ नये म्हणून २०२२ च्या नियमांतही तशीच व्यवस्था आहे. दर्शन दुपारी घडले.

उन्हाळ्याची धग बॅटरीतले पाणी आटविते व पट्ट्या झिजविते. थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते आणि तेव्हा ती झीज उघडी पडते. म्हणून थंडीच्या दिवसांत मंडळी घेऊन दूर निघणाऱ्यांनी आदल्या दिवशीच दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे, ताण देऊन तपासून घ्याव्यात. त्यास अर्धी घटकाही लागत नाही.