किंमत दुसराच मोजतो

नागपुरातल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभांमध्ये एक प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. कोणी अंथरुणाला खिळलं, कुणाचा धंदा बसला, लग्नाला दहा वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की प्रार्थनेला आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच विचारतं, ‘‘काही लपलेलं पाप राहिलंय का? कबूल करून टाका, मार्ग मोकळा होईल.’’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मी जाणतो. पण आजाऱ्याच्या दुखण्यावर अपराधाचं ओझं चढतं, आणि शास्त्राचा आधार मला त्यात दिसत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, हा प्रश्न येशूने स्वतःच काढला आणि ‘नाही’ असं उत्तर दिलं. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी तसंच विचारलं, तेव्हाही त्याने तो तर्क मोडून काढला. लपवलेल्या पापाचे परिणाम होतात, आणि भयंकर होतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र आपण ते चुकीच्या घरात शोधतो. ते आधी भोगावे लागतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाला.

यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय घ्या. यरीहोच्या लुटीतून आखानाने एक शिनारी झगा, 200 शेकेल रुपं आणि 50 शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलली आणि आपल्या तंबूत जमिनीखाली पुरली. प्रवचनात भर असतो तो शेवटावर: आखान कसा सापडला, त्याला कशी शिक्षा झाली. पण तो सापडण्याआधी आय नगरावर चढाई झाली आणि तीत 36 माणसं मारली गेली. त्यांची नावं शास्त्रात नाहीत. त्यांनी तो झगा पाहिलासुद्धा नव्हता. दावीदाच्या पापातही तेच. राजवाड्यातली गोष्ट झाकण्यासाठी रणांगणावर जीव गेला तो उरीयाचा, आणि दावीद सिंहासनावरच राहिला. हनन्या आणि सप्पीरा यांचं उदाहरण कोणी पुढे करील. तिथे लपवणारेच मेले, हे खरं. पण पेत्राचा आरोप काय होता? शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते, मग खोटं का बोललास? सगळं दिल्याचा आव आणला, हा त्यांचा गुन्हा. 36 निरपराध माणसं का मरावीत, देवाचा हा कुठला न्याय, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही आणि मी ते असल्याचं भासवणारही नाही. एवढंच दिसतं, की तो अध्याय जगात रोज घडणारी गोष्ट सांगतो. मंडळीच्या निधीत हात घालणाऱ्याला ताप येत नाही, त्याची गाडीही बंद पडत नाही. बंद होते ती विधवेची मदत.

आपल्या काळातला याचा सर्वांत वेदनादायक पुरावा रवी झकारियास यांचा आहे. 1946 साली मद्रासमध्ये जन्मलेला हा माणूस ख्रिस्ती विश्वासाचा बुद्धिवादी समर्थक म्हणून जगभर गाजला; भारतातही त्यांची भाषणं आवडीने ऐकली गेली. मे 2020 मध्ये ते गेले, तेव्हा स्मरणसभेत अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष बोलले. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि अनेक स्त्रियांशी त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं लैंगिक गैरवर्तन उघड झालं. कॅनडातल्या एका स्त्रीने 2017 मध्येच तक्रार केली होती. झकारियास यांनी उलट तिच्यावरच दावा लावला. प्रकरण मिटलं ते गुप्ततेच्या अटीवर. अहवालानंतर संस्थेच्या मंडळाने माफी मागितली, पण तोवर ती स्त्री खोटी ठरवली गेली होती, आणि नंतर संस्था आकसली तेव्हा नोकऱ्या गेल्या त्या इतरांच्या. ते स्वतः मानसन्मानाने गेले. पाप लपवणाऱ्याला देव लगेच गाठतो, असं समजणाऱ्यांनी या क्रमाकडे नीट पाहावं.

यावर सर्वांत जोरात येणारा आक्षेप आपल्या परिस्थितीतून येतो. महाराष्ट्रात आपण शंभरात एकही भरत नाही; आधीच लोक बोट दाखवायला टपलेले; अशात घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. ही भीती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. पण याच नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत 1893 साली ज्यांच्या हाती एका मिशनऱ्याने बायबल दिलं, त्या कवी नारायण वामन टिळकांचं घर आठवा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या घराचं काहीही झाकून ठेवलं नाही. टिळकांचा शीघ्रकोप, न सांगता घर सोडून जाणं, हाती आलेला पैसा उधळणं, सगळं लिहिलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मनातली उलघाल त्यांची होती, ती पाप नव्हती. पण घरात न बोललेल्या त्या गोष्टीचा घाव लक्ष्मीबाईंवर कसा पडला, तेही त्यांनी लिहिलं. हे पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या लाखो मराठी माणसांनी वाचलं. त्यांच्या मनातून टिळक उतरले का? उलट, काहीही न झाकता मांडलेलं हे घर वाचकांना आपलंसं वाटलं. अल्पसंख्य समाजाची अब्रू खरेपणाने गेल्याचा दाखला मला सापडत नाही. लपवलेलं बाहेर दुसऱ्यांनी काढलं, की मात्र ती जाते.

दुसरा आक्षेप जास्त भक्तिभावाचा आहे. मी देवाजवळ कबूल केलं, त्याने क्षमा केली. आता माणसांचा काय संबंध? शिवाय प्रीती पापांची रास झाकते, असं पेत्राच्या पत्रात आहेच. क्षमेवर माझा विश्वास आहे, त्याशिवाय मी एक दिवसही उभा राहू शकणार नाही. पण प्रीतीने झाकायचं ते आपल्याला लागलेलं. दुसऱ्याची जखम झाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जक्कयाने येशूला घरी घेतलं तेव्हा डोळे मिटून पुटपुटलं नाही. ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देण्याचं उभं राहून सांगितलं. म्हणून प्रत्येकाने व्यासपीठावर येऊन रडावं, अशी माझी मागणी नाही. तशा कबुलीत कधीकधी ऐकणाऱ्यांचं कुतूहलच भागतं. कबुली पोचायला हवी ती किंमत मोजणाऱ्यापर्यंत.

देवाशी विश्वासूपणा म्हटलं की आपण दानीएलाला सिंहांच्या गुहेत पाहतो. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला काय घडतं, ते क्वचित सांगितलं जातं. मत्सरी अधिकाऱ्यांनी आधी त्याचा कारभार तपासला, दोष शोधला, आणि काही हाती लागलं नाही, तेव्हाच ते त्याच्या प्रार्थनेकडे वळले. त्याचा विश्वासूपणा सिंहांच्या कितीतरी आधी कागदपत्रांत पुरा झाला होता. आपल्यालाही तीच कसोटी आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच नागपुरात सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. तेव्हा उपासनेच्या निरनिराळ्या रीती जशा एकत्र आल्या, तशा पिढ्यान्‌पिढ्यांनी ठेवलेल्या जमिनी, शाळा, दवाखानेही एका विश्वासावर एकत्र आले. ही ठेव कोणाच्या बापाची नाही. आजाऱ्याच्या उशाशी जो प्रश्न आपण इतक्या सहज विचारतो, तो पास्टरेट कमिटीच्या वार्षिक सभेत, जमाखर्च वाचला जात असताना, विचारायला आपली जीभ का जड होते? तिथे विचारणारा ‘मंडळी फोडणारा’ ठरतो, आणि नव्या खजिनदाराला जुन्या वह्या मागायचा संकोच वाटतो.

मग कृपेला जागा कुठे, असं कोणी म्हणेल. भरपूर आहे. पैसे खाल्ल्याचं कबूल करणाऱ्या माणसाला प्रभुभोजनाच्या मेजाशी मी माझ्या शेजारी बसवीन, त्याच्या मुलांना कोणी टोचून बोललं तर त्याला अडवीन. पण विधवांच्या निधीतली रक्कम आधी परत यायला हवी, आणि पेटीच्या किल्ल्या दुसऱ्या दोघांकडे राहायला हव्यात.